विमान उडवायचंय, पण पोटासाठी की हौसेसाठी?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं एकामागोमाग एक रद्द व्हायला लागली, विमानतळावर लोक बॅगांवर डोकं टेकून झोपलेले सगळ्यांनी टीव्हीवर बघितले, आणि कारण काय तर म्हणे वैमानिक कमी पडले. झालं! आपल्या जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लगेच सुरू, "काय भो, पोराला पायलट करायची हीच वेळ आहे." त्यात आपल्याकडे शिकाऊ विमानं काही नवलाची नाहीत, जळगावच्या विमानतळावर, धुळ्याला गोंदूरला, शिरपूरला, सगळीकडे ती घिरट्या घालताना दिसतात आणि शाळेतली पोरं मान वर करून बघत राहतात. आपल्याच जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना वयाच्या ७४ व्या वर्षी सुखोईत बसून आल्या होत्या, २००९ ची गोष्ट, तेव्हापासून तर विमान म्हटलं की आपल्याला ते घरचंच वाटतं.

पण "मला विमान उडवायचंय" या एका वाक्यात दोन वेगवेगळी कामं लपलेली असतात आणि बहुतेक घरांत ती वेगळी न करताच वावर विकायची बोलणी सुरू होतात. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी त्या डिसेंबरचं बघू

वैमानिकाने किती तास काम करायचं, किती झोपायचं याचे सरकारी नियम असतात, त्यांना एफडीटीएल म्हणतात. ते बनवते डीजीसीए, म्हणजे देशातली विमानवाहतूक बघणारी सरकारी यंत्रणा. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत कडक झाले, पहिला टप्पा १ जुलैला आणि दुसरा १ नोव्हेंबरला. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या वेळेत सहापर्यंत लँडिंग चालायची ती दोनवर आली. वैमानिक तेवढेच आणि प्रत्येकाचे कामाचे तास कमी, म्हणजे वेळापत्रक कोलमडणारच.

आता यात मेख अशी की कमी पडले ते त्या विशिष्ट विमानाचं ट्रेनिंग झालेले, कंपनीत तपासून घेतलेले वैमानिक. कालपरवा लायसन हातात आलेल्या मुलाला उद्या उचलून त्या सीटवर बसवता येत नाही. त्यामुळे "वैमानिक कमी आहेत" ही बातमी खरी आणि "लायसन घेऊन घरी बसलेली मुलं आहेत" हेही खरं, दोन्ही एकाच वेळी.

लायसन दोन, आणि फरक पैशाचा

सुरुवात सगळ्यांची सारखीच. १६ वर्षं पूर्ण आणि दहावी पास असलं की शिकाऊ परवाना मिळतो. मग वाट फुटते.

पहिली वाट पीपीएल, म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन. वय १७, शिक्षण दहावी, किमान ४० तास उड्डाण, काही परीक्षा, आणि वैद्यकीय तपासणी दुसऱ्या श्रेणीची. हे लायसन असलं की विमान तुम्ही स्वतः चालवू शकता, पुढे नियमाप्रमाणे मित्राला, बायकोला शेजारी बसवू शकता, पण त्याचा एक रुपयाही कोणाकडून मेहनताना म्हणून घेता येत नाही.

दुसरी सीपीएल, कमर्शियल पायलट लायसन. वय १८, बारावी फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन, किमान २०० तास उड्डाण, त्यातले १०० तास विमानाचे प्रमुख म्हणून, शिवाय लांबचा प्रवास, रात्रीचं उड्डाण, ढगात बाहेरचं काही दिसत नसताना फक्त काटे बघून उडवायचा सराव, नेव्हिगेशन-हवामान-नियम-तांत्रिक असे पेपर ज्यात ७० टक्के पाडावे लागतात, रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन, आणि वैद्यकीय तपासणी पहिल्या श्रेणीची. हे असेल तरच उडवायचे पैसे घेता येतात.

त्याच्याही वर एटीपीएल असतं, १५०० तासांवालं, मोठ्या विमानाचा कॅप्टन व्हायला ते लागतं, पण ते नोकरी करता करता येतं, आत्ता त्याची चिंता नको.

बरं, पीपीएलचे तास वाया जात नाहीत, ते सीपीएलच्या २०० मध्ये धरले जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शिकताना नेमकं काय होतं

लोकांना वाटतं शिकणं म्हणजे आकाशात मोकळं फिरणं. प्रत्यक्षात सुरुवातीचे कितीतरी तास त्याच त्या धावपट्टीभोवती चौकोनी चक्कर मारण्यात जातात, उडायचं, वळायचं, धावपट्टीला समांतर जायचं, वळायचं, उतरायचं, चाकं टेकली की परत पॉवर देऊन उडायचं. एका तासात हे सात-आठ वेळा. सेसना १७२ सारखं चार सीटचं, एका इंजिनाचं विमान. उडण्याआधी पंखाखालच्या छोट्या झडपेतून पेट्रोल एका पारदर्शक कपात काढून उजेडात धरायचं, रंग निळा दिसला पाहिजे आणि तळाला पाण्याचा थेंब नको, मग दुसऱ्या पंखाचं, मग इंजिनातलं ऑइल कांडीने मोजायचं, मग पंखाचे हलणारे भाग हाताने हलवून बघायचे. दर उड्डाणाला हेच, कंटाळा आला तरी हेच.

आणि आपल्या खानदेशात तर उन्हाळा हाच एक वेगळा शिक्षक. हवा तापली की पातळ होते, पातळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, पुढच्या फिरत्या पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनाचा दमही कमी होतो. धुळं समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटरवर, म्हणजे आठशे-साडेआठशे फूट. पण मे महिन्यात दुपारी ४४ अंश असताना विमानाला वाटतं की आपण साडेचार हजार फुटांवरच्या कुठल्यातरी डोंगरावरून उडतोय. धावपट्टी जास्त लागते, वर चढायला वेळ लागतो, दोन दांडगी माणसं आणि टाक्या फुल्ल असतील तर आधी गणित करून बघावं लागतं की हे आज उडेल का. शिवाय तापलेल्या वावरांवरून गरम हवेचे लोट वर येतात आणि हलकं विमान पत्र्यासारखं थडथडतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटेचे तास सोन्यासारखे आणि त्यासाठी मुलांची रांग. पावसाळ्यात ढग खाली आले की तेही नाही, विद्यार्थी हॉस्टेलला पुस्तकं चाळत बसतात. २०० तास म्हणजे कागदावर वर्षभराचं काम, ते दीड-दोन वर्षांवर जातं ते असं.

काही जणांना हा सगळा प्रकार प्रचंड आवडतो आणि काहींना दहाव्या तासाला कळतं की आपल्याला विमान नाही, विमानाचा फोटो आवडायचा. दोन्ही ठीक. फक्त ते दहाव्या तासाला कळावं, कर्ज उचलल्यावर नाही.

नोकरीतलं उडणं कसं असतं

एअरलाइनमधला वैमानिक वर्षाला जास्तीत जास्त १००० तास उडू शकतो, तशी मर्यादाच आहे. पण हे तास त्याच्या मर्जीचे नसतात. रोस्टर सांगेल तेव्हा, तिथून तिथे. पहाटे तीनला गाडी दारात, अंधारात टॉर्च घेऊन विमानाला फेरी, मग दिवसभरात चार उड्डाणं, चारही वेळा तीच चेकलिस्ट तशीच्या तशी मोठ्याने वाचायची. उडाल्यावर थोड्याच वेळात ऑटोपायलट लागतो आणि त्यानंतरचं काम म्हणजे मुख्यतः लक्ष ठेवणं, इंधन, हवामान, रेडिओ, पुढच्या विमानतळाची तयारी. एक जण उडवतो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो. ठराविक महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवून इंजिन बंद पाडतात, आग लावतात (खोटी) आणि तुम्ही काय करता ते तपासतात, त्यात नापास झालात तर परत पास होईपर्यंत उडणं बंद. दिवाळी, अक्षय्य तृतीया, घरातलं लग्न, हे सगळं रोस्टरच्या नंतर.

थंडीत वावरात काट्या पेटवून वांगी भाजून दहा मित्रांसाठी भरीत करणारा माणूस आणि रोज पाचशे ताटांच्या भरीत-पुरीचं कंत्राट घेणारा माणूस, दोघांच्या हातात वांगंच असतं, पण दुसऱ्याला रोज तीच चव, तीच वेळ, हिशोब, माणसं सांभाळणं हे आवडलं तरच तो टिकतो. हौसेचं उडणं आणि नोकरीचं उडणं यात तेवढाच फरक आहे. शिस्त, ठरलेली पद्धत, टीममध्ये काम, याचंच ज्याला समाधान मिळतं त्याच्यासाठी एअरलाइन ही फार चांगली नोकरी आहे, मी ती वाईट म्हणत नाहीये. पण "मला खाली तापी, वर ढग आणि कोणी बोलायला नको" असं ज्याचं स्वप्न आहे त्याला ती चार वर्षांत खायला उठेल.

"पगार लाखात असतो ना पण?"

असतो. मोठ्या कंपनीत ज्युनियर को-पायलटचा पगारही लाखाच्या वर असतो आणि कॅप्टनचा त्याच्या कितीतरी पट. पण तिथपर्यंतचा खर्च कागदावर मांडून बघा. सीपीएलला आज साधारण ५० लाखांच्या आसपास धरा, संस्थेप्रमाणे आणि देशाप्रमाणे खालीवर. त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे एका विशिष्ट मोठ्या विमानाचं, समजा एअरबस ए-३२० चं, वेगळं ट्रेनिंग, त्याचे आणखी १०-१५ लाख किंवा जास्त. कधी कंपनी करून देते आणि बॉण्ड लिहून घेते, कधी तुम्हालाच करावं लागतं. राहणं-खाणं, परीक्षा फी, परत दिलेल्या परीक्षांची फी, तपासण्या हे वेगळं.

५० लाख कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत १० वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता जवळपास ६९ हजार. नोकरी लागली तर हा हप्ता जातो, जड नाही. नोकरी लागली नाही आणि हप्ता पुढे ढकललेला असला तरी व्याज वर्षाला साडेपाच लाखांच्या घरात साचत राहतं. आणि एवढ्या मोठ्या कर्जाला बँक तारण मागते, ते तारण म्हणजे आपल्याकडे बहुतेक घर नाहीतर शेती. केळीचं एक वर्ष वादळात गेलं तर पुढच्या वर्षी बाग परत उभी करता येते. विकलेलं वावर परत येत नाही.

"मागणी तर वाढतेच आहे, मग भीती कसली?"

मागणी खरंच वाढतेय. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डरी दिल्या, ती विमानं उडवायला माणसं लागणारच. जळगावहूनसुद्धा आज गोवा, हैदराबाद, पुण्याला जायला विमान सुरू झालं, दहा वर्षांपूर्वी हे कोणी मानलं नसतं.

पण हा धंदा सरळ रेषेत वाढत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, मग २०२० चा कोविड, मग मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवीन लायसनवाल्यांची रांग मागे सरकली. २०० तासांचा मुलगा आणि ३००० तासांचा माणूस एकाच जागेसाठी उभे असतील तर कंपनी कोणाला घेईल हे सांगायला नको. त्यामुळे आज कोर्सला घालताना आजची बातमी बघून उपयोग नाही, मुलगा बाहेर पडेल दोन-तीन वर्षांनी, तेव्हा बाजार वर असेल की खाली हे कोणालाच माहीत नसतं, अ‍ॅडमिशन देणाऱ्या काउन्सेलरलाही नसतं, तो कितीही छातीठोकपणे सांगू दे. माझा सरळ हिशोब असा की लायसन आल्यावर दोन वर्षं नोकरी नाही मिळाली तरी घर चालेल आणि वावर वाचेल, एवढी सोय असेल तर जा. नसेल तर आधी डिग्री करा, कमवा, आणि मग बघा, २४-२५ व्या वर्षी सुरू केलेल्यांनाही नोकऱ्या लागतात.

सगळ्यात आधी मेडिकल

हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं. पोटासाठी उडवायचं तर पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी पास व्हावीच लागते आणि ती एकदाची नाही, नोकरी असेपर्यंत दरवर्षी, ठराविक वयानंतर सहा महिन्यांनी. चष्मा चालतो, चष्म्यासकट नजर ठरलेल्या मापात बसली पाहिजे. पण रंगांधळेपणा निघाला तर तिथेच थांबावं लागतं, आणि तो असलेल्या कितीतरी मुलांना तोपर्यंत माहीतच नसतं कारण रोजच्या आयुष्यात काही अडत नाही. ईसीजी, कान, रक्त, सोनोग्राफी सगळं होतं. आपल्याकडे उन्हामुळे मुतखडा घरोघरी, तो सोनोग्राफीत दिसला तर तात्पुरतं अनफिट ठरवू शकतात, खडा गेल्याचं दाखवलं की पुढचं.

ही तपासणी करायला येणारा खर्च कोर्सच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. आधी दुसरी श्रेणी, मग पहिली, डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे आणि ठराविक ठिकाणीच. लोक उलटं करतात, आधी फीचा पहिला हप्ता भरतात. नका करू असं.

"हौसेने उडवणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले"

काही अंशी हो. पीपीएलला ४० तास म्हटलं तरी बहुतेकांना जास्तच लागतात आणि खर्च सहा-सात लाखांच्या पुढे सहज जातो. विमान विकत घ्यायची गरज नसते, क्लबचं तासावर मिळतं, पण तो तासही दहा-पंधरा हजारांचा. आणि हात सोडून चालत नाही, कोणाला शेजारी बसवायचं असेल तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. भुसावळचा एखादा डॉक्टर, चोपड्याचा एखादा जिनिंगवाला महिन्यातून दोन तास उडतो तर वर्षाचा खर्च एका चांगल्या मोटरसायकलएवढा. बुलेट घेऊन लडाखला जाणाऱ्यांना आपण चोचले म्हणत नाही, मग याला का म्हणायचं?

त्याहून स्वस्तात पण उडता येतं. पुण्यात हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, इंजिन नसलेलं विमान दोरीने ओढून वर सोडतात आणि मग वाऱ्यावर तरंगत खाली यायचं, जायच्या आधी फोन करून चालू आहे का विचारून घ्या. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतात, पावसाळा संपला की हंगाम सुरू. हवेत असण्याची जी मजा आहे ती या दोन्हींत मला तरी सेसनापेक्षा जास्तच वाटते, कारण इथे वारा थेट अंगाला लागतो.

आणि ड्रोन विसरू नका. कपाशीवर फवारणी करणारे मोठे ड्रोन उडवायला २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतं, वय १८ ते ६५, दहावी पास, काही दिवसांचं ट्रेनिंग. ते घेऊन गावोगाव फवारणीचा धंदा करणारी पोरं आपल्याकडे वाढतायत. "वैमानिक" म्हटल्यावर टोपी-पट्ट्या डोळ्यासमोर येतात म्हणून याला कोणी मोजत नाही, पण उडवून पोट भरण्याचा हा सगळ्यात कमी जोखमीचा मार्ग आहे.

"दोन्ही नाही का जमणार?"

जमतं, पण क्रम महत्त्वाचा. आधी मेडिकल, मग दहा-पंधरा तास उडून बघणं, आवडलं तर पीपीएलपर्यंत जाणं आणि तिथे थांबून विचार करणं, कारण ते तास पुढे धरले जातातच. बऱ्याच संस्था थेट सीपीएलचंच पॅकेज गळ्यात मारतात, सगळी फी दोन-तीन हप्त्यांत. तिथे तुम्ही मध्येच थांबलात तर किती परत मिळतील हे लेखी मागा. लेखी द्यायला खळखळ करणाऱ्यांकडे पैसे भरू नका.

ज्याला लहान विमानच आवडतं आणि पोटही त्याच्यावरच भरायचंय त्याच्यासाठी प्रशिक्षक होणं हा मधला रस्ता आहे. पगार एअरलाइनएवढा नाही, पण रोज छोट्या विमानात, रोज हाताने उडवायचं. जोखीम मात्र खरी आहे. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या डोंगरात शिकाऊ विमान कोसळलं, त्यात प्रशिक्षक गेले आणि शिकणारी मुलगी जखमी झाली, परिसरातल्या आदिवासी बांधवांनी तिला खाली आणलं. घरच्यांना भीती वाटते ती उगाच नाही, तिला "काही होत नाही" म्हणून उडवून लावू नका. संस्था बघताना मेंटेनन्स कोण करतं, किती विमानं प्रत्यक्ष उडण्याच्या स्थितीत आहेत, एका विमानामागे किती मुलं आहेत हे विचारा, आणि सध्या शिकत असलेल्या मुलांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारा, ऑफिसात नाही.

"बारावी कॉमर्स झालीय, मग संपलं का?"

नाही. पीपीएलला तर दहावीच लागते. सीपीएलसाठी फिजिक्स-मॅथ्स हवेत, ते एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून नंतर देता येतात, बरेच जण तसंच करतात. ही अट काढून आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनाही दार उघडायचा विचार सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या, पण बातमीच्या भरवशावर वर्ष घालवू नका. एनआयओएसचे दोन पेपर घरी बसून, कॉलेज किंवा दुकान सांभाळून होतात, आणि तेवढ्या काळात मेडिकलही उरकून जातं.